वाळूत रुतलेली सहल

माझ्या गाडीत बसलेल्या माणसाला कुणी विचारलं, "कुठं निघालात?" तर तो खरं सांगायचा नाही. लबाड होता म्हणून नव्हे. त्याला स्वतःलाच ठाऊक नसायचं. कुठं चाललोय हे फक्त दोघांना माहीत असायचं, गाडी ठरवणाऱ्याला आणि मला. कधीकधी तर मलाही मांजरसुंब्याचा चौक ओलांडल्यावरच कळायचं.

आयुष्यभर मी गाडी हाकली. वऱ्हाडं नेली, बाळंतिणी नेल्या, एकदा तर सर्कशीतला आजारी उंटसुद्धा नेलाय. पण पंचक्रोशीत माझं नाव झालं ते सहलीमुळं. सहल म्हणजे शाळेच्या पोरांची नव्हे, सहकाराची. बाहेरच्या माणसाला हे नीट सांगावं लागतं. आमच्याकडं दूध सोसायटी असो नाहीतर बाजार समिती असो, संचालक निवडून आले म्हणजे निवडणूक संपली असं नसतं. त्या संचालकांनी पुढं चेअरमन निवडायचा असतो, आणि मधल्या दिवसांत माणूस फुटतो. म्हणून ज्याच्याकडं बहुमत असेल तो आपले संचालक गोळा करतो, गाडीत घालतो आणि जिल्ह्याबाहेर काढतो. तिकडं त्यांना खाऊपिऊ घालायचं, फिरवायचं आणि निवडीच्या दिवशी गाडी थेट सोसायटीच्या दारात आणून लावायची. माणसं उतरतात, हात वर करतात, गुलाल उडतो. कुणी याला पळवापळवी म्हणतं. आम्ही सहल म्हणायचो. ऐकायला बरं वाटतं.

या धंद्याचे काही कायदे होते. गाडीला पडदे पाहिजेत. पुढच्या काचेवर लग्नाची पाटी पाहिजे, म्हणजे कुणी संशय घेत नाही. माझ्याकडं अशी एक पाटी कायमची होती. त्या नवरा-नवरीला पोरं होऊन ती शाळेत गेली, तरी माझ्या गाडीवर त्यांचं लग्न चालूच होतं. चौसाळ्याला चहाला थांबायचं नाही, कारण तिथल्या हॉटेलात विरोधी पॅनेलचा एक तरी माणूस बशी फुंकत बसलेला असायचाच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जागा. डोंगरावर नेलं की माणसं दुसऱ्या दिवशी कंटाळतात. देवाला नेलं तर देवापुढं बसून विचार करायला लागतात, आणि विचार करणारा संचालक लई धोक्याचा. समुद्र मात्र माणसाला धरून ठेवतो. म्हणून मी गाडी ठरवणाऱ्याला सांगायचो, "साहेब, कोकणात घाला."

त्यामुळं बालाघाटावरच्या किती माणसांना पहिल्यांदा समुद्र दाखवला, त्याचा हिशोब नाही. शेवटचा घाट उतरलो, झाडांमधनं निळी रेघ दिसली की मी आरशातनं मागं बघायचो. समुद्र मला काय, रोजचाच. मला माणसांची तोंडं बघायची असायची. एका सरपंचानं विचारलेलं, "ह्याच्यावर किती हेक्टर भिजंल?" एक म्हातारी पाया पडली आणि मला हळूच म्हणाली, "हे कुणाच्या मालकीचं हाय रे, लेकरा?" कुणाच्याच नाही म्हटलं तर तिचा विश्वास बसेना. एवढं पाणी आणि मालक नाही, असं आमच्याकडं होतच नाही. बोअर मारायच्या धंद्यातला एकजण होता, तो मात्र दिवसभर तोंड पाडून बसला. आपल्याला हितं काहीच काम नाही, असं त्याला वाटलं असावं.

पण सांगायची आहे ती दुष्काळातली सहल.

त्या साली पाऊस आमचा पत्ता विसरला होता. विहिरींचे तळ दिसत होते, गावागावांत टँकरची वाट बघत घागरींच्या रांगा लागत होत्या. सरकारनं जनावरांच्या छावण्या मंजूर केल्या होत्या. छावणी म्हणजे एका जागी चारा आणि पाणी आणायचं, गावोगावची जनावरं तिथं आणून बांधायची आणि पाऊस पडेपर्यंत जगवायची. आमच्या भागातली छावणी एका दूध सोसायटीला मिळायची होती, आणि ती कुठं लावायची हे सोसायटीचा नवा चेअरमन ठरवणार होता. नाव विचारू नका, सोसायटीचंही आणि माणसांचंही. खाली घातलेली नावं मी बदललीत.

चेअरमन व्हायचं होतं बापूसाहेबांना. मोठी जमीन, पांढरे कपडे, आवाजात खर्ज. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या तोंडात एक शब्द कायम असायचा: "बघू." पोराला नोकरी लावा म्हटलं, बघू. रस्ता करा म्हटलं, बघू, बसून ठरवू. या एका शब्दावर त्यांनी वीस गावं सांभाळली होती. त्यांच्या पॅनेलला बहुमत मिळालं होतं खरं, पण एकाच माणसाचं. एक फुटला की खेळ खलास.

म्हणून माझी मॅटॅडोर ठरली. आत बापूसाहेब धरून सहा संचालक. ज्ञानोबा तात्या, सगळी हयात विहिरी खणण्यात गेलेले. लिंबाजी, अंगानं आडवा, स्वभावानं खुशाल. दोघे चुलतभाऊ, जे गाडीत बसल्या बसल्या पत्ते काढायचे आणि उतरताना ठेवायचे. आणि सहावी भागूबाई, राखीव जागेवरून निवडून आलेली. माळावरच्या धनगरवस्तीची. गाई होत्या, थोडी मेंढरं होती. सोबत म्हणून तिचा नवरा मल्हारी आला होता. मल्हारी दिवसाकाठी चार शब्द बोलायचा, तेही बहुतेक जनावरांशी.

या भागूबाईनं निवडणुकीआधी बापूसाहेबांना एकच गोष्ट मागितली होती: छावणी आमच्या माळावर लावा. कारण सरळ होतं. वस्तीवरची जनावरं खंगलेली होती. उठवून उभी केली तरी पाय लटपटायचे. हायवेपर्यंत चालवत न्यायची म्हटलं तर निम्मी वाटेतच बसली असती, आणि दुष्काळात बसलेलं जनावर परत उठत नाही. बापूसाहेब तेव्हा हो म्हणाले होते. निवडून आल्यावर मात्र त्यांच्या डोक्यात हायवेलगतचं स्वतःचं रान घोळायला लागलं. मंत्री आला, पेपरवाला आला, तर गाडीतनं उतरल्या उतरल्या छावणी दिसली पाहिजे. माळावर कोण मरायला येतंय?

निघताना रिवाजाप्रमाणं भंडारा उचलायचा कार्यक्रम झाला. ही आमच्याकडची शपथ. खंडोबाचा भंडारा म्हणजे हळद. ती हातात घेऊन शब्द दिला की तो मोडायची कुणाची छाती होत नाही. बापूसाहेबांच्या माणसानं ताट फिरवलं, एकेकानं चिमूट उचलून म्हटलं, "मत बापूसाहेबालाच." ताट भागूबाईपुढं आलं तर तिनं कमरेची पिशवी काढली.

"माझा भंडारा माझ्यापाशी हाय. देवाचं काम उसन्या हळदीवर करत न्हाई मी."

तिनं शपथ घेतली, आणि पिशवी परत कमरेला खोचताना म्हणाली, "छावणीचं तेवढं ध्यानात असू द्या."

"बघू की!" बापूसाहेब म्हणाले. मी गाडी सुरू केली.

चौसाळा टाळायला पाटोद्याच्या बाजूनं वळसा घातला. मग सोलापूर, सांगली, कोल्हापूर, आणि घाट उतरून कोकण. घाटात लिंबाजीनं खिडकीबाहेर तोंड काढून पोट मोकळं केलं आणि लगेच विचारलं, "जेवायला कुठं थांबायचं?" असा प्रवासी ड्रायव्हरला लाख मोलाचा.

समुद्र दिसला तसे गाडीचे पडदे सरकले. गाडी थांबल्यावर पहिल्यांदा तात्या गेले. ओंजळ भरली, चाखली, थुंकली आणि असे काही चिडले की काय सांगू! "आरं, ह्या देवाला अक्कल हाय का न्हाई? तिकडं घोटभर पाण्याला बाया मारामाऱ्या करायल्यात आन् हितं एवढं पाणी, ते बी नासवून ठेवलं!" लिंबाजी धोतरासकट पाण्यात जाऊन बसला. लाट आली की ओरडायचा, गेली की तिला शिव्या देऊन परत बोलवायचा. चुलतभावांनी एकदा मान वर केली, "लई मोठं हाय," म्हणाले आणि पानं पिसली. बापूसाहेबांना समुद्र मनापासून आवडला नाही. ते आले तरी तो उठून उभा राहिला नाही, असं काहीतरी असावं.

भागूबाई बराच वेळ लाटांकडं बघत राहिली आणि हसून म्हणाली, "मेंढरं हायती की ही! एकामागं एक, डोकं खाली घालून." तिची भीती तिथंच गेली.

आणि मल्हारी? तो वाळूवर बसला, पण समुद्राकडं पाठ करून. तोंड डोंगराकडं. मला वाटलं, भ्यालाय.

मी म्हणलं, "कावून बे मल्हारी, एवढ्या लांब येऊन पाठ फिरवून बसलास?"

"बगवत न्हाई, ड्रायवर. एवढं पाणी बगितलं की तिकडली वासरं डोळ्यापुडं येतात. जिभा काडून बसल्याली."

आजवर समुद्रापुढं लोकांची इतकी तोंडं पाहिली होती, पण पाठ पहिल्यांदाच पाहत होतो. मी गुपचूप त्याच्या शेजारी टेकलो आणि बिडी दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून, थोडं फिरून आम्ही निघणार होतो, कारण त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीत निवड होती. त्या दिवशी किनाऱ्यावर आलो तर रस्त्यानं आमच्याकडच्या नंबरची एक जीप गेली. बापूसाहेब दचकले. विरोधी पॅनेलनं माग काढला की काय!

"ड्रायवर, गाडी खाली घे. वाळूवर. झाडाच्या आड. रस्त्यावरनं दिसता कामा नई."

"साहेब, वाळू हाय."

"टणक हाय बे, खळ्यावानी. घे म्हणलं ना!"

वाळू खरंच टणक होती. समुद्र तर असा लांब गेला होता की कालच्यापेक्षा दुबळा वाटत होता. बरोबरच आहे, म्हटलं, उन्हाळा आहे, आटत असेल. मी गाडी खाली घेतली आणि सुरूच्या झाडांच्या सावलीत आडवा झालो. ड्रायव्हरची झोप दिवसाचीच.

इथं आमच्या मुलखाचं एक सांगायला पाहिजे. पाणी मागं सरतं हे आम्हाला जन्मापासून माहीत. तलावाचं पाणी मागं सरतं, विहिरीचं खाली जातं, नदी दिवाळीलाच वाळू दाखवते. उन्हातान्हात, ढग नसताना, पाणी आपल्या आपण पुढं येतं, हे आमच्यात कुणाच्या बापजन्मात कुणी बघितलं नव्हतं. सहली आम्ही पुष्कळ केल्या होत्या, पण गाडी कायम रस्त्यावर लावलेली. माणसं कडेला उभी राहून पाणी बघायची आणि लॉजवर जायची. भरती-ओहोटी हे शब्द शाळेतल्या पुस्तकातच राहिले होते.

तात्या म्हणाले, "पाणी पुढं आलंय."

लिंबाजी म्हणाला, "तुमचंच वय पुढं आलंय, तात्या."

मग लिंबाजीच्या वहाणा तरंगायला लागल्या. कोरड्या जागी काढून ठेवलेल्या वहाणा! तात्या ओरडले, "खालनं झरा फुटलाय ह्याला!" त्या आरड्यानं मी उठलो. बघतो तर मागची चाकं पाण्यात. धावत जाऊन गाडी चालू केली, चाकं जागच्या जागी फिरली, वाळू उडाली आणि गाडी आणखी खाली बसली. सगळे आपापल्या पिशव्या काढायला आत-बाहेर करायला लागले. चुलतभावांनी पहिल्यांदा पत्ते वाचवले.

होड्यांपाशी बसलेला एक म्हातारा कोळी पळत आला. "ओ पावण्यांनू! गाडी खंय लावल्यात? भरती येता हा!" त्यानं शीळ घातली तशी त्याची माणसं ओंडके आणि दोर घेऊन आली. होडी ओढतात तशी चाकांखाली फळ्या घालून गाडी वर ढकलायची. पण लगेच. त्यानं बोटानं दाखवलं, अजून एवढं पाणी चढलं की संपलं.

बापूसाहेबांचा चेहरा हळदीसारखा पिवळा झाला होता. गाडी गेली तर उद्याची निवड गेली. हे सहा जण नसताना विरोधी पॅनेलचे पाच जण सोसायटीत बसून आपला माणूस चेअरमन करणार होते.

"सगळे खाली उतरा! ढकला!"

सगळे उतरले. भागूबाई मात्र आत शिरली. खिडकीपाशी बसली, गाठोडं मांडीवर घेतलं.

"भागूबाई, उतरा लवकर!"

"छावणीचं काय ठरलं, बापूसाहेब?"

"आहो, ही येळ हाय का? बघू की. गावाकडं गेल्यावर बसून ठरवू."

"मंग मी बी हितं बसूनच बघते."

काय सांगू मंडळी! लाट आली, पायरीवर फुटली. बापूसाहेब गुडघाभर पाण्यात, धोतर फुगलेलं, आणि ती बाई एसटीची वाट बघत बसल्यासारखी निवांत. ते मल्हारीवर खेकसले, "आरं, सांग की तुझ्या बायकूला!"

मल्हारी वाळूवर उभा होता, समुद्राकडं पाठ करून. तो शांतपणे म्हणाला, "ती सोसायटीची संचालक हाय, साहेब. मी कोण तिला सांगणारा?"

"ड्रायवर, काढ तिला भाईर!"

"साहेब, माझं काम गाडी काढायचं," मी म्हणालो. खरं सांगतो, इतका आनंद मला त्या धंद्यात दुसऱ्यांदा झाला नाही.

म्हातारा कोळी दोर धरून ओरडत होता, "आता नाय तर नाय! पाणी कोणासाठी थांबणा नाय!" आणि तिथं बापूसाहेब सापडले. सगळ्या जन्मात त्यांनी लोकांना थांबवलं होतं. कलेक्टर थांबला, पाटबंधारेवाले थांबले, गोरगरीब तर ओसरीवर दिवस दिवस थांबले. समुद्राला "बघू" म्हणायची सोय नव्हती.

"लावतो! माळावरच लावतो छावणी! झालं? आता उतरा!"

भागूबाईनं कमरेची पिशवी काढली आणि खिडकीतनं हात बाहेर केला. "भंडारा उचला."

बापूसाहेबांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा मागून येणाऱ्या लाटेकडं. ओली बोटं पिशवीत घातली. सगळ्यांसमोर, कोळ्यांसमोर, म्हणाले, "खंडोबाची आण. छावणी माळावरच." बोटांची हळद पाण्यात गळाली. भागूबाईनं त्यांच्या कपाळाला भंडारा लावला, गाठोडं माझ्याकडं दिलं आणि पदर खोचून पाण्यात उतरली. उतरल्यावर खांदा लावणाऱ्यात तीच पहिली होती.

मग मात्र सगळे एक झाले. कोळ्यांनी हाळी दिली, तात्या, लिंबाजी, चुलतभाऊ, खुद्द होऊ घातलेले चेअरमन, सगळे गाडीला भिडले. मल्हारीनं मागनं खांदा दिला. तो त्यातला सगळ्यात तगडा. तेव्हाही त्याची पाठ समुद्राकडंच होती. गाडी हलली, फळीवर चढली आणि एका झटक्यात वर आली. लिंबाजी तोंडावर पडला, उठला आणि समुद्राला म्हणाला, "माझ्या वहाणा दे की बे!"

सायलेन्सरमधनं खारं पाणी काढलं, गाडी खोकत खोकत चालू झाली. कोळ्यांनी जाताना वाटीनं चहा पाजला. वाटेत गाडी कुठं थांबवली नाही. सोसायटीच्या दारात जाऊन लावली तेव्हा विरोधी मंडळी हार घेऊन बसली होती. आमची माणसं उतरली, एकेकाच्या अंगावर मिठाचे पांढरे डाग, बापूसाहेबांच्या कपाळावर वाळलेला भंडारा. हात वर झाले. भागूबाईचाही झाला. तिनंही शपथ पाळली.

छावणी माळावर लागली. बापूसाहेबांनी मध्ये एकदा "बघू" काढलं होतं म्हणे. भागूबाई नुसती कमरेकडं हात नेऊन उभी राहिली.

गाडीचं मात्र वाटोळं झालं. खाऱ्या पाण्यानं पत्रा खाल्ला, वर्ष-दोन वर्षांत खालनं रस्ता दिसायला लागला. दुरुस्तीचं बापूसाहेबांना बोललो, तर काय म्हणाले असतील ते तुम्ही ओळखलंच. ती मॅटॅडोर मोडीत घालताना मला रडू आलं. पुढं दुसऱ्या गाड्या आल्या, धंदाही बदलला. आता संचालक एसीच्या गाडीतनं जातात आणि समुद्रावर जाऊन फोनमध्ये बघत बसतात. आरशात बघण्यासारखं काही उरलं नाही.

मोडीत जायच्या आधी त्या गाडीनं एक काम केलं. छावणीला कडबा आणि पेंड टाकायचं भाडं मला मिळालं होतं. पहिल्याच दिवशी दुपारी माळावर गेलो. वस्तीवरच्या गाई दावणीला लागल्या होत्या. एक लांबलचक हौद बांधला होता, टँकरनं नुकताच काठोकाठ भरलेला, आणि त्याच्यावर गाई-वासरं ओळीनं वाकलेली. नुसता पाणी ओढल्याचा आवाज. हौदापासून चार पावलांवर मल्हारी बसला होता. गुडघ्यांना मिठी घालून, तोंड पाण्याकडं.

मी हाक मारली, "काय बे मल्हारी, समुद्र बगायलास काय?"

"व्हय," तो म्हणाला. नजर हलवली नाही. "लई येळ झाला बसलोय. बग की ड्रायवर, कसं मागं सरायलंय."

हौदाच्या कडेला ओली रेघ उमटली होती, आणि वासरांच्या नाकांखाली पाणी खाली खाली चाललं होतं. मल्हारी हसत होता. पाणी मागं सरताना बघून हसणारा माणूस आमच्या मुलखात मी तेवढा एकच पाहिला.